साचेखात्यातली बोली

डॉक्टरांनी गुणाजीचा आवाज काढून घेतला आणि कुशाबाच्या डोक्याला ताप झाला.

घसा कापला गुणाजीचा, मानेला भोक पडलं गुणाजीच्या, आणि धावाधाव कोणाची? कुशाबाची. सकाळी सातपासून वरळीच्या ऑफिसात वॉचमन म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायचे, तीनला सुटलं की डबा काखेत मारून थेट परळचं हॉस्पिटल गाठायचं. वॉर्डाच्या दारात पाऊल टाकलं न टाकलं तोच गुणाजीची बायको बकुळा पुढे यायची. ‘‘भावोजी, बरं झालं आलात. सकाळपासून काहीतरी सांगतायत, मला मेलीला काही कळत नाही.’’ मग कुशाबाने खाटेशी स्टूल ओढायचं, गुणाजीच्या तोंडाकडे बघायचं आणि तिला सांगायचं, ‘‘पाठीखालची चादर गोळा झालीय म्हणतो.’’ एवढंच! एवढ्यासाठी सकाळपासून सगळ्यांचा जीव टांगणीला.

पाटी-पेन्सिल आणून झाली होती. पण गुणाजी शिकलेला चौथीपर्यंत, तीही राजापूरच्या पुढे कुठल्याशा शाळेत. एक ओळ लिहायला त्याला अर्धा तास लागायचा आणि लिहिलेलं लागायचं नाही म्हणून ते वाचायला पुन्हा त्यालाच विचारावं लागायचं. तो विचारल्यावर ओठ हलवायचा. म्हणजे पुन्हा कुशाबाच.

कुशाबाला त्याचं सगळं कळायचं. त्यात कसली करामत नव्हती. मिलच्या साचेखात्यात चारशे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एका वेळी चालतात तेव्हा कानाशी बोंब मारली तरी ऐकू येत नाही. माणसं उगाच कशाला घसा फोडतील? नुसते ओठ हलवतात, समोरचा ओठ बघतो आणि त्याला कळतं. एकोणीस वर्षं या दोघांचे साचे शेजारी होते, चार याचे, चार त्याचे. गुणाजीचं लग्न ठरलं ते कुशाबाला असंच कळलं, कुशाबाला मुलगी झाली ते गुणाजीला असंच कळलं. घसा कापला तरी ओठ शाबूत होते, त्यामुळे कुशाबाच्या लेखी गुणाजी पहिल्याइतकीच वटवट करत होता.

काही गोष्टींना तर ओठही लागायचे नाहीत. खात्यात बिडीला बंदी. तलफ आली की दोन बोटं ओठांना लावायची आणि मग चार बोटं वर करायची. म्हणजे, जरा जाऊन येतो, माझे चार साचे बघ. शेजाऱ्याने मान हलवली की निघायचं. मान हलल्याशिवाय साचे सोडायचे नाहीत, हा खात्याचा रिवाज. आणि गुणाजी पाच मिनिटं सांगून पंधरा मिनिटांनी परतायचा, हा गुणाजीचा रिवाज. तोवर आठ साचे सांभाळताना कुशाबाचा पिट्टा पडायचा.

संप सुरू होऊन आता चार वर्षं झाली होती. तो संपला असं कोणी म्हणालं नव्हतं, पण मिलच्या गेटचं कुलूप गंजलं होतं आणि साचे आत धूळ खात होते. बोली मात्र सुटली नव्हती. लालबागच्या चाळीत दोघांच्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर, मध्ये चौक. दोघे आपापल्या गॅलरीत उभे राहून आवाज न करता गप्पा मारायचे. ‘आज सहाला, नाक्यापलीकडे,’ असा बेत ठरायचा, आणि सहाला दोघे नाक्यापलीकडच्या दारूच्या अड्ड्यावर पोचले की तिथे बकुळा कमरेवर हात ठेवून उभी! एकदा नाही, दहा वेळा. चुगली करणारा कोण? कुशाबाच्या शेजारचा रमाकांत, दुसरा कोण! दोघे दोन वर्षं रमाकांतशी बोलले नव्हते. बिचारा शपथा घेऊन दमला.

तर ऑपरेशनला पंधरा दिवस झाले आणि मोठे डॉक्टर खाटेशी आले. म्हणाले, कॅन्सरची गाठ काढली पण काम अर्धंच झालंय, आता किरणांची लाईट द्यावी लागेल. रोज एक, अशा तीस. त्याने बरं होईल अशी खात्री नाही, पण नाही घेतली तर फार दिवस नाहीत. उद्या सकाळपर्यंत काय ते सांगा.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले आणि गुणाजीचे ओठ हलायला लागले. ‘कुशा, लाईट-बिईट काय नको. तिला सांग, पिशव्या भर. शिमग्याला देवाची पालखी घराघरात फिरते. आमच्या दारात येईल तेव्हा मी दारात बसलेला पाहिजे. चार वर्षं गेलो नाही मी.’

गेला नव्हता खरा. संपात जायचं तर गाववाले विचारणार, काय रे, मिल कधी चालू होते? काय सांगणार कपाळ! पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, करता करता चार शिमगे गेले.

‘‘काय म्हणतात?’’ बकुळाने विचारलं.

कुशाबा गुणाजीकडे पाठ करून तिच्याकडे वळला. साच्यांनी गुणाजीचे कान केव्हाच अर्धे केले होते. पाठ फिरवून हळू बोललं की त्याला काही कळायचं नाही. ‘‘घेतो म्हणतो लाईट,’’ कुशाबा म्हणाला. ‘‘तिला सांग, काळजी करू नको, असं म्हणाला.’’

बकुळा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बघून म्हणाली, ‘‘बरं.’’

का खोटं बोलला कुशाबा? त्याला विचारलं असतं तर तो अंगावर धावून आला असता. पण कारण होतं. संपाच्या दुसऱ्या वर्षी त्याची बायको मालन आजारी पडली, पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करा. मालन म्हणाली, मला गावाला न्या, इथे नको. कुशाबाने तिचं ऐकलं. अकराव्या दिवशी मालन गेली. मुलगी शैला इथे बकुळाकडे होती. गुणाजी मिळेल त्या एसटीने गावाला आला, तेरा दिवस राहिला, चुलीवर भात शिजवून कुशाबाला मूठ मूठ खायला लावला. निघताना एवढंच म्हणाला, ‘तू तिचं ऐकलंस, बरं केलंस.’

काय बरं केलं? डोंबलाचं बरं! ॲडमिट केली असती तर वाचली असती की नसती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि हेच कुशाबाला तीन वर्षं कुरतडत होतं. एकदा ऐकलं ते पुरे झालं. हा माणूस त्याला जिवंत हवा होता. मालन गेल्यावर ज्याच्यापुढे रडता आलं असा दुनियेत हा एकच होता, आणि हा गाढव पालखीच्या गोष्टी करत होता.

बकुळा नळावर गेली तशी कुशाबाने दुसरी थाप मारली. गुणाजीसमोर बसून त्याने ओठ हलवले. ‘वहिनी बाहेर रडत होती. म्हणाली, माझ्यासाठी एवढी लाईट घ्या म्हणावं.’

गुणाजीने छताच्या पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘बरं. तिच्यासाठी घेतो.’

बकुळा बिचारी यातलं अक्षर बोलली नव्हती.

लाईट सुरू झाली आणि कुशाबाचे हाल कुत्रा खाईना. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात गुणाजीची मान काळी पडली. तिसऱ्यात कातडी सोलून निघाली, तोंडात फोड आले, नाकातल्या नळीतून घातलेलं दूधही उलटून यायला लागलं. गुणाजीचे ओठ सुजले तरी हलायचे. ‘तिला सांग, पुरे झालं.’ कुशाबा पाठ फिरवून सांगायचा, ‘‘आज जरा बरं वाटतंय म्हणतो.’’ ‘तिला विचार, शिमग्याआधी सोडतील काय?’ कुशाबा सांगायचा, ‘‘तू जेवलीस का विचारतो.’’ आणि बकुळा दर वेळी क्षणभर बघायची, दर वेळी म्हणायची, ‘‘बरं.’’

कुशाबाला स्वतःचीच शिसारी यायला लागली. तो ऑफिसात साहेबाच्या ड्रायव्हरशी भांडला, चाळीत पाण्यावरून भांडला, भात करपला म्हणून शैलाला नाही नाही ते बोलला आणि ती रडायला लागल्यावर स्वतःच ताट सरकवून उठला. देवावर चिडला, मिलच्या मालकावर चिडला आणि सगळ्यात जास्त गुणाजीवर. च्यायला, तीस दिवस कळ काढता येत नाही माणसाला? कोणासाठी चाललंय हे सगळं?

बावीस लाईट झाल्या आणि डॉक्टरांनी कुशाबाला आणि बकुळाला बोलावून घेतलं. म्हणाले, आता थांबू या. गाठ पुन्हा दिसतेय, शरीर साथ देत नाहीये. घरी न्या. त्यांना जे हवं असेल ते करा.

जे हवं असेल ते! ते तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

वॉर्डाच्या दाराशी आल्यावर कुशाबाचा धीर सुटला. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तो कुजबुजला, ‘‘वहिनी, मला जोड्याने मार. तो कधीच हो म्हणाला नव्हता. पहिल्या दिवसापासून गावाला ने म्हणत होता. मी तुला खोटं सांगत होतो.’’

‘‘माहीत आहे मला,’’ बकुळाही कुजबुजली.

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘सगळं. वीस वर्षं गॅलरीत उभे राहून माझ्या डोक्यावरून गप्पा मारताय तुम्ही दोघे. मला काय डोळे नाहीत? लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हापासून वाचतेय मी तुमची तोंडं. अड्ड्याचं मला कोण सांगायचं असं वाटलं तुम्हाला, रमाकांत?’’

कुशाबा उसळला. ‘‘मग रोज मला काही कळत नाही, काही कळत नाही म्हणून माझ्या मागे का लागत होतीस?’’

बकुळाने पदराने डोळे टिपले. ‘‘कळतंय म्हटलं असतं तर त्यांचं ऐकावं लागलं असतं. ते नको म्हणत होते, तुम्ही हो म्हणून सांगत होता. मला ते हो हवं होतं, भावोजी. मला माझा नवरा हवा होता.’’

‘‘अगं, तो तुझ्यासाठी म्हणून घेत होता लाईट! तू रडत होतीस अशी थाप मारली मी त्याला!’’ कुशाबाला संताप आवरेना. तिचा करावा की स्वतःचा, तेही कळेना. ‘‘वा! बायकोने फसवलं, मित्राने फसवलं, आणि चामडं त्याचं सोलून निघालं!’’

दोघे दाराच्या चौकटीत समोरासमोर उभे होते. बकुळाची नजर बाजूला, आत वळली होती. कुशाबाने मान वळवून बघितलं. तिसऱ्या खाटेवर गुणाजी उशीला टेकून बसला होता आणि त्याचे डोळे या दोघांच्या तोंडावर खिळले होते. जन्म साचेखात्यात गेला, आणि आवाज बारीक केला म्हणजे बोलणं लपलं असं कुशाबाला वाटावं! ओठ तर उघड्यावरच होते.

गुणाजीने दोघांना डोळे भरून बघून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

या बोलीत एक मोठी खोट आहे. समोरच्याने तोंड फिरवलं की संपलं, मग हाक मारायची सोय नाही. कुशाबाने तरी मारली. ‘‘गुण्या! ए गुण्या!’’ अख्खा वॉर्ड दचकला, नर्स ओरडत आली, पण गुणाजी हलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. बकुळाने पाय दाबले, पाया पडली, तरी तेच.

तिसऱ्या दिवशी कुशाबाचं डोकं फिरलं. खाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती. कुशाबाने खाट ढकलून ती दीड वीत केली आणि पोट आत ओढून तो तिच्यात शिरला. गुडघ्यांवर बसला तेव्हा त्याचं नाक गुणाजीच्या नाकापुढे आलं. गुणाजीने डोळे मिटून घेतले.

‘‘अहो मामा, बाहेर या, वेड लागलंय का?’’ नर्स म्हणाली.

‘‘लागलंय,’’ कुशाबा म्हणाला आणि तिथेच बसून राहिला. पायाला मुंग्या आल्या, भिंतीचा चुना पाठीला लागला. मिटलेल्या डोळ्यांपुढे ओठ हलवून काय उपयोग, म्हणून तो नुसता रडत बसला.

बऱ्याच वेळाने गुणाजीने एक डोळा उघडला. ‘शिमग्याला किती दिवस?’

‘सहा.’

‘मग इथे काय बसलास, भाडखाव? गाडी बघ.’

परळ डेपोतून सकाळची एसटी होती. डॉक्टरांनी कागद दिले, नर्सने बकुळाला नळी धुवायला शिकवलं. कुशाबाने आपलीही पिशवी भरली होती, पण गुणाजीने ती बघितली आणि ओठ हलवले, ‘तू येऊ नको. तुझं थोबाड बघायचं नाही मला.’ असं म्हणतो म्हणजे काय! कुशाबाने त्याला उचलून खिडकीपाशी बसवलं, पाठीला उशी दिली, आणि पाय आपटत खाली उतरला.

कंडक्टरने घंटी मारली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, आणि तेव्हा खिडकीत गुणाजीने दोन बोटं ओठांना लावली. मग चार बोटं वर केली.

जाऊन येतो. साचे बघ.

कुशाबाला आतून असा काही राग आला की सांगता सोय नाही. थोबाड बघायचं नाही म्हणतोस आणि साचे माझ्याच गळ्यात? नाही बघणार, जा! मान हलल्याशिवाय जाता येत नाही ना? मग नाही हलवत. तो तसाच ताठ उभा राहिला. गाडी मागे आली, वळली, गेटाकडे निघाली. गुणाजीची चार बोटं वरच होती, मान वळवून वळवून तो कुशाबाकडे बघत होता. गेटापाशी गाडी वळायला लागली तेव्हा कुशाबाचा राग कुठल्या कुठे गेला. तो गाडीमागे धावला आणि वेड्यासारखी मान हलवली, एकदा नाही, दहादा. तोवर खिडकी पलीकडच्या बाजूला गेली होती.

दिसलं असेल की नाही?

पुढचे सगळे दिवस कुशाबाने या एका प्रश्नावर काढले. सलाम ठोकताना तेच, जेवताना तेच. साधी मान हलवायची होती रे, दीडदमडीची मान! शिमगा होऊन चार दिवस झाल्यावर गावाकडचा एक माणूस निरोप घेऊन आला, गुणाजी गेला. ‘‘पालखीला होता का दारात?’’ कुशाबाने विचारलं. तो म्हणाला, ‘‘माका काय ठाऊक? मी खालच्या वाडीतलो.’’ कुशाबाने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दिवस-कार्य उरकून बकुळा परत आली तेव्हा चाळीतल्या बाया तिच्याभोवती बसल्या त्या रात्रीपर्यंत उठल्या नाहीत. त्यांच्यादेखत काय विचारणार? कुशाबा दारापर्यंत जाऊन दोनदा परत आला.

सकाळी तो गॅलरीत उभा होता. शेजारी रमाकांत दात घासत होता. समोर बकुळा बाहेर आली, रिकाम्या कपाळाची, आणि कठड्याला धरून उभी राहिली. दोघांमध्ये चौक होता, खाली नळावर भांडी वाजत होती. कुशाबाचे ओठ आपोआप हलले.

‘पालखी?’

बकुळाने इकडेतिकडे बघितलं. मग वीस वर्षांत पहिल्यांदा तिचेही ओठ आवाजाशिवाय हलले. ‘आली. दारात बसले होते. खुर्चीला बांधून बसवलं, पण बसले.’

कुशाबाने कठडा घट्ट धरला. ‘वहिनी, मी मान हलवली ती दिसली का त्याला?’

‘दिसली. मागच्या काचेतून बघत होते.’

‘मग?’

‘उशिरा हलवली म्हणून राजापूरपर्यंत शिव्या देत होते तुम्हाला.’

‘कुठल्या?’

बकुळाने पदर सारखा केला, कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. कुशाबाच्या आईपासून सुरुवात होती. ज्या बाईने जन्मात कोणाला ‘मेल्या’च्या पलीकडे काही म्हटलं नव्हतं ती एकेक शिवी न गाळता, ओळीने, गुणाजीने दिली तशी देत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

रमाकांतने तोंडातला ब्रश काढला. ‘‘बघ, बिचारी,’’ तो हळहळून म्हणाला. ‘‘देवाचं नाव घेतेय.’’

‘‘गप रे,’’ कुशाबा म्हणाला. ‘‘मला ऐकू दे.’’